शेवटची तीन प्रकरणं

बारामतीहून इंदापूरला जाणारी एसटी सणसरला दोन-तीन मिनिटं थांबते. आमच्या वाडीला जायचं तर तिथंच उतरायचं आणि कालव्याच्या कडेनं वीस मिनिटं चालायचं. मी बारामतीत राहते आणि इंदापूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते, म्हणजे कॉलेजच्या दिवशी दोनदा माझी गाडी माझ्याच गावावरून जाते. आबा, म्हणजे माझे वडील, हयात होते तोवर मी सहा वर्षं अशी गेले-आले आणि एकदाही सणसरला उतरले नाही. जाताना उजवीकडच्या खिडकीशी बसायचं, येताना डावीकडच्या. म्हणजे वाडीची बाजू नजरेला पडत नाही.

हे मी एका पुस्तकाच्या भरवशावर केलं असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही. माणूस पुस्तकासाठी बापाशी बोलणं सोडतं का? मी सोडलं. आणि ते पुस्तक अर्धं होतं हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या वाडीत मारुतीच्या देवळामागं एक खोली होती. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायची नोकरी केलेले एक गृहस्थ निवृत्त झाले आणि त्यांनी त्या खोलीत वाचनालय सुरू केलं. त्यांना सगळे तात्या म्हणायचे, मीही तेच म्हणायची. दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, एक रजिस्टर, आणि तात्यांच्या हातात कायम ब्लेडनं टोक केलेली पेन्सिल. मी आठवीत असताना पहिल्यांदा तिथं गेले ती वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायला. तात्यांनी कोडं बाजूला ठेवलं आणि गोष्टींचं एक पुस्तक हातात दिलं. आठवड्यानं परत करायला गेले तर पुस्तक न घेता त्यांनी विचारलं की तुला यातलं काय पटलं नाही. काय आवडलं असं नाही, काय पटलं नाही. मला असं कुणी विचारलंच नव्हतं. घरी नाही, शाळेत तर नाहीच.

पुढची सहा-सात वर्षं माझं खरं शिक्षण त्या खोलीत झालं. तात्यांचा एकच नियम होता. वाचताना समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहायचा. "लिहिणाऱ्यावर लगीच इस्वास ठिवायचा न्हाय," ते म्हणायचे. "त्येला इचारायचं, तू हे का म्हणतोस?" वाचनालयाच्या पुस्तकांत लिहायला ते देत ते फक्त मला. माझ्या प्रश्नांखाली ते स्वतःचे प्रश्न लिहीत. त्यामुळं एकेका पानावर आमच्या दोघांचं भांडण असायचं, आणि त्या भांडणातून मी विचार करायला शिकले. देव, जात, बाईचं काम, बापाचा शब्द, मतदान, अगदी ऊसतोडीला आलेल्या बायकांच्या खोपी गावाबाहेर का, इथपर्यंत. आज वर्गात मुलींसमोर मी उभी राहते आणि बोलता बोलता मध्येच थांबून उलटा प्रश्न टाकते, ती लकब तात्यांची आहे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना त्यांनी मला ते पुस्तक दिलं. निळ्या कापडी बांधणीचं, एका बाईनं स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलेलं. तिचं नाव इथं देत नाही, कारण या सगळ्यात तिचा काही दोष नाही. शिकण्यासाठी तिनं बापाचं घर सोडलं होतं. बाप दुष्ट नव्हता, प्रेमळ होता, आणि म्हणूनच सोडणं अवघड होतं, असं तिनं लिहिलं होतं. रागावणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं, माया करणाऱ्याला देता येत नाही. म्हणून जायचं तर मागं वळून पाहायचं नाही, हा त्या पुस्तकाचा गाभा होता. शेवटच्या पानावर ती घराचं दार ओढून घेते आणि चालू लागते. पुस्तक तिथं संपत होतं. अनुक्रमणिकेचं पान नव्हतं, पण जुन्या पुस्तकांत ते नसतंच बऱ्याचदा. मी ते दोनदा नेलं, त्यातले उतारे वहीत उतरवून घेतले. आणि समासात एकही प्रश्न लिहिला नाही. तात्यांच्या सगळ्या पुस्तकांत ते एकच कोरं राहिलं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली तेव्हा आबांनी माझं लग्न ठरवलं. मुलगा सोमेश्वरनगरकडचा, चांगला होता, कारखान्याच्या लॅबमध्ये होता. आधी आबा म्हणाले होते की तू बी.ए. कर, एम.ए. कर, मी आडवा येत नाही. मग पाहुणे आले, बोलणं पुढं गेलं आणि मला न विचारता त्यांनी होकार देऊन टाकला. सुपारी फुटायच्या दिवशी सकाळी मी सांगितलं की मी बाहेर येणार नाही. पाहुणे येऊन, चहा न घेता परत गेले. आबांनी मारलं नाही, आरडाओरडा केला नाही. ओसरीवर बसून, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "शिकायचं आसंल तर जा. पर या दारातनं गेलीस तर माघारी यायचं न्हाय."

हे आपल्याकडं हजार बाप बोलतात आणि आठ दिवसांत विसरतात. आबाही विसरले असते. पण मी ते वाक्य दुसऱ्या एका वाक्याला जोडून वाचलं. मला वाटलं, पुस्तकात लिहिलेलं माझ्या ओसरीवर घडतंय. मी पिशवी भरली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्याशीही बोलले नाही. माया करणाऱ्याला उत्तर देता येत नाही, हे मला पाठ होतं.

बारामतीत मुलींच्या वसतिगृहात जागा तात्यांनीच मिळवून दिली. ओळखीच्या शिक्षकाला चिठ्ठी दिली, फीची सवलतही बघितली. दर गुरुवारी बाजाराला आले की वसतिगृहाच्या फाटकाशी थांबून पुस्तकं देऊन जायचे. घरचं कसं आहे असं मी पहिल्या काही महिन्यांत विचारलं. ते म्हणायचे, "समदी बरी हायेत. तू आभ्यास कर." मग मी विचारणं बंद केलं. घरून कुणी आलं नाही. निरोप नाही, चिठ्ठी नाही. मला वाटलं, आबांनी मला टाकलं. त्याचं वाईट वाटलं की मी वही काढून उतारे वाचायची. बरं वाटायचं असं नाही, पण आपण बरोबर आहोत असं वाटायचं.

एम.ए. झालं, इंदापूरला नोकरी लागली. एकदा तात्यांकडं मी ते निळं पुस्तक मागितलं, विकत देता का म्हटलं. ते म्हणाले की वाळवी लागली, टाकून दिलं. दुकानांत शोधलं, पुन्हा छापलेलंच नव्हतं.

एक दिवस कॉलेजला जाताना गाडी सणसरला थांबली आणि आबा स्टँडवर उभे दिसले. त्या दिवशी उजवीकडची जागा मिळाली नव्हती. ते निंबाखाली उभे होते, हातात काही सामान नव्हतं, गाडीत चढायची घाई नव्हती. खिडक्यांकडं बघत होते. मी मान खाली घातली आणि मांडीवरच्या वहीत तोंड खुपसलं. गाडी सुटली. ते कुणाला घ्यायला आले होते की सहज उभे होते, मला माहीत नाही. माझं वय तेव्हा तीस होतं. खिडकीतून हाक मारायला काय लागतं?

पुढच्या वर्षी गळिताच्या हंगामात, उसाच्या फडात ते खाली बसले आणि उठले नाहीत. मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. आईनं मला जवळ घेतलं, दोष दिला नाही. त्या दिवसापासून मी पुन्हा वाडीला जायला लागले. आईशी बोलणं सुरू झालं, पण आबांबद्दल आम्ही दोघी बोलायचो नाही. तात्या तिथंच असायचे. दर खेपेला मी त्यांच्या पाया पडायची.

आबा जाऊन सहा वर्षं झाली असतील. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरून पुस्तकांची पोती आली. नोंद करायला माणूस नव्हता म्हणून मी आणि ग्रंथपाल बाई दुपारी बसलो होतो. तिसऱ्या पोत्यात ते निघालं. निळी कापडी बांधणी, कोपरे झिजलेले. मला इतका आनंद झाला की मी बाईंना म्हटलं, माझ्या आयुष्याचं पुस्तक सापडलं. आणि उघडण्याआधीच हाताला काहीतरी वेगळं लागलं. ते जाड होतं.

अनुक्रमणिका होती. दार ओढून घेण्याच्या प्रकरणापुढं आणखी तीन प्रकरणं होती.

मी ती तिथंच, पोत्यावर बसून वाचली. त्या बाईला काही वर्षांनी कळतं की बाप आजारी आहे. ती जाते. बाप बोलत नाही, ती मोसंबी सोलून त्याच्या हातात देते, असे बरेच दिवस जातात. मग तो बोलायला लागतो. ती पुन्हा शहरात येते, पुन्हा जाते, काम सुटत नाही आणि घरही सुटत नाही. शेवटच्या प्रकरणात तिनं स्पष्ट लिहिलं होतं की घर सोडल्याचा पस्तावा नाही, पण मागं वळून पाहायचं नाही हे जे मी आधी लिहिलं ते तरुणपणाच्या ताठ्यात लिहिलं, आणि कुणी ते नियम म्हणून घेऊ नये. म्हणजे तिनं तोच प्रश्न स्वतःला विचारला होता, जो मी समासात लिहायला हवा होता. उत्तरही दिलं होतं. ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं.

ग्रंथपाल बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यांत.

रविवारी मी सणसरला उतरले. आईकडं न जाता आधी तात्यांकडं गेले. वाचनालय बंद पडून बराच काळ झाला होता, पुस्तकं त्यांच्या मुलाच्या नव्या घरात वरच्या खोलीत होती. तात्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, ऐंशीच्या पुढं गेलेले, कानाला यंत्र. मी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. ती सोडून पुस्तकच त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही, नुसतं अंगठ्यानं त्याची जाडी चाचपली.

"कुठं घावलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मग विचारलं की पानं कुणी काढली.

"मी. ब्लेडनं. तुला द्यायच्या आदल्या दिवशी."

"कुठं आहेत?"

"बंबात घातली तवाच."

ते घाबरले नव्हते. कित्येक वर्षं या दिवसाची वाट बघत असल्यासारखे बोलत होते. त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगितलं, जिच्याविषयी इतक्या वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. ती पुण्याला नर्सिंग शिकायला गेली होती, घरच्यांचा विरोध मोडून. आई आजारी आहे म्हणून चार दिवसांसाठी आली. त्या चार दिवसांत रडारड करून तिला थांबवलं, पुढच्या महिन्यात लग्न लावून मोरगावच्या बाजूला एका घरात दिली. ती पुन्हा शिकली नाही. सुरुवातीला भावाकडं पुस्तकं मागायची, मग मागायची बंद झाली. "मीच गेलो व्हतो तिला आणायला पुण्याला," तात्या म्हणाले. "म्याच म्हणलं, आई आजारी हाय, चल. मला वाटलं, जी एकदा माघारी येती ती सुटत न्हाय."

मला त्या बहिणीबद्दल वाईट वाटलं. खरोखर वाटलं. पण माझा राग तसूभरही कमी झाला नाही, उलट वाढला, कारण त्यांच्याजवळ कारण होतं आणि ते चांगलं होतं. मी म्हटलं, "तात्या, ते मी ठरवायचं होतं. तुम्हीच शिकवलं होतंत मला, लिहिणाऱ्याला विचार म्हणून. तुम्ही तिचं अर्धं उत्तर जाळलंत."

त्यांनी मान हलवली. सुनेनं चहा आणून ठेवला, ती आत गेली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी विचारलं नव्हतं. न सांगताही निभावलं असतं. का सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.

"तुझा बाप आला व्हता," ते म्हणाले. "तू एम.ए.ला व्हतीस तवा. म्हणला, पोरगी कुठलं पुस्तक वाचत व्हती ते द्या. म्या दिलं."

आबा सातवी शिकलेले. वर्तमानपत्र वाचायचे, बोट ठेवून. त्यांनी ते पुस्तक एक महिना ठेवलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणून दिलं. टेबलाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "तात्या, ही बाई शेवटपर्यंत घरी येत न्हाय का?"

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"न्हाय म्हणलं."

मी उठले. त्यांनी मला थांब म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "तू शिकलीस. प्राध्यापक झालीस." जणू त्या एका गोष्टीनं बाकी सगळं मिटतं. मी पुस्तक त्यांच्या मांडीवरून उचललं आणि चहा तसाच ठेवून निघाले. पाया पडले नाही.

वाडीत आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिला विचारलं की आबा एक निळं पुस्तक वाचायचे का. तिला लख्ख आठवत होतं. म्हणाली, ओसरीवर चष्मा लावून बसायचे, जनावरांना वैरण टाकायचं विसरायचे. तिनं विचारलं होतं, एवढं काय हाय त्यात? ते म्हणाले, आपली पोरगी हाय त्यात. पुस्तक परत दिलं त्या दिवशी जेवले नाहीत. त्याच्या आधी आईनं माझ्या भावाला बारामतीला पाठवायचं ठरवलं होतं, शेंगांचे लाडू घेऊन. आबांनी ते थांबवलं.

"म्हणले, तिला आता बोलवू नगा," आई म्हणाली. "तिला तिच्या वाटंनं जाऊ द्या. आपुन हाक मारली तर तिचं चुकंल."

मी आईला तात्यांचं काही सांगितलं नाही. तिला काय सांगणार? गावात तात्यांइतका मान दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि आई अजून त्यांच्या घरी पहिल्या तोडीच्या शेवग्याच्या शेंगा पाठवते. मी तिच्या शेजारी बसले आणि शेंगा फोडायला लागले.

त्यानंतर मी तात्यांना भेटले नाही. मागच्या वर्षी गावातल्या पोरांनी त्यांचा सत्कार ठरवला, नव्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये वाचनालय पुन्हा उघडायचं होतं. प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलवायला तीन-चार जण बारामतीला घरी आले. तात्यांनी घडवलेली पहिली प्राध्यापिका, असं पत्रिकेत छापणार होते. मी जमणार नाही म्हटलं. कारण विचारलं तर परीक्षेचं काम सांगितलं. दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला, मुलानं लावून दिलेला. येणार नाहीस का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग ते म्हणाले की ते पुस्तक वाचनालयात ठेवायला देशील का, अख्खं. मी तेही नाही म्हटलं. मला वाटलं होतं, नाही म्हणून मोकळं वाटेल, तसं वाटलं नाही.

मला हे अजून नीट मांडता येत नाही. ज्या बुद्धीनं मी त्यांना दोषी धरते ती त्यांनी दिलेली आहे. दुसरी माझ्याकडं नाही. आणि सगळा भार त्यांच्यावर टाकते तेव्हा हेही दिसतं की एसटी रोज थांबत होती. वाहकाला सांगून उतरायला कुठल्या पुस्तकाची परवानगी लागत नव्हती. तीन प्रकरणं नसताना वाडीतल्या कितीतरी मुली भांडून गेल्या आणि दिवाळीला परत आल्या. मी नाही आले, कारण मला छापलेल्या शब्दावर माणसापेक्षा जास्त भरवसा होता. पण तो भरवसा ज्यानं माझ्यात रुजवला त्यानंच ब्लेड हातात घेतलं, हे मी विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. आबांना तरी खरं सांगायला हवं होतं. त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता. टेबलाशी उभे राहून, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणून.

परवा एका मुलीनं स्टाफरूमच्या दाराशी थांबून विचारलं की मॅडम, घरी माझ्या शिक्षणावरून वाद चाललाय, मी काय वाचू? आधी मी अशा मुलींना लगेच नावं सांगायची, कधी माझी प्रत द्यायची. त्या दिवशी मी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग तिला ग्रंथालयात नेलं, कपाटं दाखवली, कुठल्या विषयाचं काय कुठं आहे ते सांगितलं. "तूच बघून घे," म्हटलं. ती जरा गोंधळली. मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि एकेक पुस्तक काढून चाळायला लागली. माझा तास होता, मी निघून आले. तिनं काय नेलं ते मी विचारलं नाही.